लाकडी विमानाचे धड आणि सुताराची विद्या

(ज्ञातिसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला ‘आपल्या परंपरागत धंद्याचे भवितव्य’ असा विषय दिला होता. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलताना वक्त्याची जीभ सैल सुटते असा आपल्या संमेलनांचा जुना अनुभव आहे. यास्तव त्या विषयातून मी एकच वस्तू उचलली आहे. ती म्हणजे लाकडी विमानाचे धड. ज्याच्या पोटात वैमानिक बसतो, ज्याच्या तोंडाशी इंजिन व मागे शेपूट असते आणि ज्याला पंख जोडले जातात, तो हा सांगाडा. घरच्या कार्यशाळेत, रंधा, करवत, पटाशी, गुण्या आणि ओळंबा यांच्या साहाय्याने तो बांधता येतो. जगात अनेक ठिकाणी तो आजही बांधला जातो. बांधणारे बहुतेक लोक जन्माने सुतार नसतात, ही गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

विमान हा शब्द उच्चारताच सभेत काहींच्या मुखावर स्मित उमटले, ते मी पाहिले. दरवर्षी माघातील विश्वकर्मा जयंतीला आपण पुष्पक विमानाची कथा ऐकतो. आपल्या आद्य पुरुषाने विमान घडविले, ही भावना गोड आहे आणि कीर्तनात ती शोभते. परंतु कार्यशाळेत तिचा उपयोग नाही. ‘वैमानिकशास्त्र’ म्हणून जो ग्रंथ दाखविला जातो, तो १९१८ ते १९२३ या काळात सुब्बराय शास्त्री यांनी तोंडी सांगितला व लिहून घेतला गेला. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील शास्त्रज्ञांनी १९७४ साली त्याची चिकित्सा केली. त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत आणि तो ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही, असा त्यांचा निर्णय झाला. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईस चौपाटीवर विमान उडविल्याचे सांगतात. त्यालाही समकालीन भक्कम पुरावा नाही. कोणाचा अवमान करण्यासाठी मी हे बोलत नाही. ज्या विमानाचा सांधा आपल्याला हाताने चाचपून पाहता येत नाही त्याचा अभिमान बाळगण्यापेक्षा, जे विमान खरोखर लाकडाचे होते आणि खरोखर उडाले त्याकडे पाहणे आपल्या धंद्याला अधिक शोभून दिसेल, एवढेच माझे म्हणणे आहे.

ते विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत उडाले. राइट बंधू डेटन गावी सायकली बनवीत व दुरुस्त करीत. त्यांच्या विमानाचा सांगाडा स्प्रूस आणि अॅश या लाकडांचा असून त्यावर कापड ताणलेले होते. पुढील पंचवीस-तीस वर्षे विमान म्हणजे प्रायः लाकूड, तार आणि कापड. १९३० च्या सुमारास धातूने लाकडास मागे सारले. तथापि दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियमची चणचण भासताच इंग्लंडला पुन्हा सुतारांची आठवण झाली. डी हॅव्हिलंड कंपनीचे मॉस्किटो हे विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडाले. त्याचे धड उभ्या दोन अर्धुकांत बनत असे. बर्चच्या प्लायमध्ये बाल्सा हे अतिशय हलके लाकूड घालून, साच्यावर दाबून ही अर्धुके तयार करीत, आणि आतील तारा-नळ्या बसवून झाल्यावर शेंगेची दोन टरफले मिटावीत तशी ती जोडीत. ही कामे खुर्च्या, कपाटे आणि पियानो बनविणाऱ्या कारखान्यांनी केली. त्या काळातील अत्यंत वेगवान विमानांत त्याची गणना होत असे, आणि एकूण सात हजारांहून अधिक मॉस्किटो बांधली गेली.

परंतु मॉस्किटो हे सरकारचे व कारखान्याचे विमान. घरच्या कार्यशाळेतील विमानाची कथा पाहावयाची तर मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह नावाच्या एका लहानशा खेड्यात जावे लागेल. तेथे बर्नार्ड पीटनपोल नावाचा गृहस्थ होता. जन्म १९०१ चा. त्याने अभियांत्रिकीचे महाविद्यालय पाहिले नव्हते. जे शिकला ते स्वतःच्या हातांनी. विमानाचे इंजिन त्या काळीही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. तेव्हा त्याने फोर्ड मोटारीचे ‘मॉडेल ए’ इंजिन घेतले, सुमारे चाळीस अश्वशक्तीचे, आणि त्याभोवती स्प्रूस लाकडाचे दोन माणसांचे विमान बांधले. १९२९ साली ते उडाले. मोटारीच्या इंजिनावर विमान उडणार नाही असे एका यांत्रिक मासिकाच्या संपादकाचे मत होते. १९३० साली पीटनपोल आणि त्याचा मित्र दोन विमाने घेऊन मिनियापोलिसला उडत गेले आणि संपादकाच्या पुढ्यात उतरले. वाद मिटविण्याचा हा प्रकार मला फार आवडतो. आपल्या सभांतील वादही असेच प्रत्यक्ष वस्तू आणून मिटले, तर संमेलन दीड दिवसात आटोपेल.

यानंतर जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या विमानाचे संपूर्ण आराखडे १९३२ साली त्या मासिकाच्या विमानविषयक पुस्तिकेत प्रसिद्ध झाले. कोणत्या पट्टीची जाडी किती, कोणता सांधा कसा, वाक कोठून सुरू होतो, सर्व काही. ज्याला इच्छा त्याने पाहावे आणि बांधावे. पीटनपोल १९८४ साली वारला; त्याचे ‘एअर कॅम्पर’ विमान आजही लोक गॅरेजमध्ये बांधीत आहेत. फ्रान्समध्ये १९४८ साली जोली आणि देलेमोंतेझ या दोघांनी आपल्या नावांची अक्षरे जोडून ‘जोडेल’ विमान काढले; एकच आसन, लाकडी बांधणी, आणि त्याचेही आराखडे हौशी लोकांना मिळू लागले. १९५३ साली अमेरिकेत मिल्वॉकीस पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांचा संघ स्थापन केला. पुढे त्याचा मेळावा १९७० पासून ऑशकॉश येथे भरू लागला आणि वाढत वाढत जगप्रसिद्ध झाला.

आता धडाकडे वळू. वस्तू जशी बांधली जाते त्याच क्रमाने मी बोलणार आहे. बारकावे थोडे अधिक येतील. परंतु या सभेत बारकावे समजणार नाहीत असे मानणे हा आपला अपमान होईल.

प्रथम लाकूड. आपण सागाला लाकडांचा राजा मानतो, आणि दारे-खिडक्यांपुरते ते योग्यच आहे. विमानाच्या सांगाड्यात मात्र राजाला प्रवेश नाही. चांगल्या स्प्रूसचे वजन घनफुटास बारा-तेरा किलो भरते, सागाचे अठराच्या वर. शिवाय सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे गोंद त्याला मनापासून धरीत नाही. वजनाच्या मानाने ताकद किती, हा विमानाचा पहिला प्रश्न, आणि त्यात स्प्रूससारखी हलकी, सरळ धाग्याची लाकडे वरचढ ठरतात. तेही कसे पाहिजे? लाकडाची रेघ पंधरा इंचांत एक इंचापेक्षा अधिक तिरकी जाता कामा नये. वार्षिक वलये इंचास सहापेक्षा कमी नकोत. गाठ नको, राळेची पोकळी नको. आणखी एक दोष फार कपटी असतो. झाड पाडताना खोड एखाद्या खडकावर वा ओंडक्यावर आदळले, तर आतील धागे दबून मोडतात आणि फळीवर रेघेला आडवी, केसासारखी बारीक सुरकुती उमटते. रंध्याने घासलेली फळी उन्हात तिरकी धरली तरच ती दिसते. अशी फळी बाहेरून कितीही देखणी असो, ती बाजूला काढावी लागते. मी हे सांगतो तेव्हा आपल्यापैकी जुने लोक मान हलवीत आहेत. कारण फळी उन्हात धरून पाहण्याची ही रीत त्यांच्या वडिलांनीच त्यांना शिकविली आहे.

धडाचा सांगाडा म्हणजे चार कोपऱ्यांतून नाकापासून शेपटापर्यंत जाणाऱ्या चार लांब पट्ट्या. त्यांना लाँजेरॉन म्हणतात. एअर कॅम्परमध्ये त्या एक इंच चौरस असतात. ज्यावर दोन माणसांचा जीव तोलावयाचा, ती पट्टी आपल्या अंगठ्याएवढी जाड! या पट्ट्यांच्या दरम्यान उभ्या व तिरप्या काड्या बसवून धडाची एक बाजू बनते, पुलाच्या कैचीसारखी. ही बाजू सपाट मेजावर बांधतात. सुमारे चौदा फुटांचे मेज हवे आणि ते खरोखरच सपाट हवे. मेजावर पूर्ण मापाची आकृती काढावयाची, रेघेच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठोकावयाचे आणि त्यांच्या कुशीत पट्ट्या बसवावयाच्या. एक बाजू झाली की तिच्यावरच, मध्ये मेणकागद घालून, दुसरी बाजू बांधतात. त्यामुळे दोन्ही हुबेहूब होतात.

हुबेहूब असण्याचा अर्थ येथे केवळ मापापुरता नाही. पुढे दोन्ही बाजू उभ्या करून, आडव्या काड्यांनी जोडून, मागची टोके एकत्र ओढून शेपटाच्या खांबाशी मिळवावयाची असतात. त्या वेळी चारही पट्ट्या वाकतात. उजवीकडील पट्टी ताठ आणि डावीकडील लवचीक असेल तर वाक सारखा येत नाही, आणि धड केळ्यासारखे एका अंगाला जाते. म्हणून समोरासमोरच्या पट्ट्या शक्यतो एकाच फळीतून काढतात. जोडताना मेजावर मध्यरेषा आखलेली असते. प्रत्येक आडव्या काडीच्या मध्यबिंदूवरून ओळंबा सोडावयाचा, त्याचे टोक रेषेवर पडले पाहिजे. शिवाय प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावयाचे. कर्ण सारखे तर चौकट काटकोनात, हे आपल्या शिकाऊ मुलालाही ठाऊक असते. विमानाच्या धडासाठी याहून गहन भूमिती लागत नाही. लागतो तो कंटाळा न करणारा माणूस.

आता सांध्याकडे येतो. आपल्या धंद्याचा अभिमान म्हणजे खाच आणि कुसू. कुसू खाचेत असे बसावे की पाचरेची गरज पडू नये, यावर आपल्या वाडवडिलांनी आयुष्ये घालविली. विमानाच्या सांगाड्यात मात्र खाच जवळजवळ निषिद्ध आहे! कारण साधे आहे. एक इंचाच्या पट्टीत खाच पाडली की जेथे ताण सर्वांत अधिक तेथेच लाकूड सर्वांत कमी उरते. तेव्हा काडी पट्टीला केवळ टेकवितात आणि सांध्याच्या दोन्ही अंगांना प्लायचा लहान तुकडा गोंदाने चिकटवितात. त्याला गसेट म्हणतात. काडीच्या कापलेल्या टोकाला लावलेला गोंद जवळजवळ काहीच धरीत नाही, हे आपण जाणतो. धरतो तो रेघेच्या अंगाला लावलेला. गसेटमुळे सर्व ओढ रेघेच्या अंगावर येते. त्यावर मारलेले बारीक खिळे गोंद सुकेपर्यंत दाब देण्यापुरते असतात; पुष्कळ लोक ते नंतर उपटूनही काढतात. प्लाय आला आणि आपला धंदा बुडाला अशी तक्रार आपण प्रत्येक अधिवेशनात करतो. तो प्लाय येथे सुताराचा वैरी नसून सांध्याचा प्राण झाला आहे.

लांबीला पट्टी अपुरी पडली तर दोन पट्ट्या तिरक्या कापून एकमेकींवर चिकटवितात. हा उतार एकास बारा ठेवतात. म्हणजे एक इंच जाडीला बारा इंचांचा तिरकस काप. असा सांधा नीट साधला तर तो अखंड लाकडाच्या जवळपास ताकदीचा होतो. येथे एक गोष्ट सांगताना मला आनंद होतो. गोंद लावावयाचा पृष्ठभाग काचकागदाने घासलेला नसावा, धारदार रंध्याने ताजा तासलेला असावा, असा विमानबांधणीचा नियम आहे. काचकागद लाकडाची रंध्रे भुकटीने बुजवितो. रंधा ती मोकळी ठेवतो. घासयंत्राचा घरघराट ज्यांना आधुनिकतेची खूण वाटते, त्यांनी हा नियम ध्यानात घ्यावा.

गोंदाचा इतिहास आपल्याला जवळचा आहे, कारण त्याचा एक अध्याय आपल्याच देशात लिहिला गेला. आपण सरस वापरीत होतो. त्यांच्याकडे दुधातील केसीन चुन्यात मिसळून गोंद करीत. केसीनला दमट हवा सोसत नाही. त्याला बुरशी लागते. १९४४ च्या अखेरीस हिंदुस्थान-ब्रह्मदेश आघाडीवर काही मॉस्किटो विमाने मोडून पडली आणि उरलेली काही काळ जमिनीवर उभी ठेवावी लागली. त्या वेळी दोष हवामानाचा की बांधणीचा असा वाद झाला, आणि तपासात पंखांतील सांधे सदोष रीतीने जुळविल्याचे आढळले. तोपर्यंत युरिया-फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम गोंद आला होता. पुढे रिसॉर्सिनॉल आणि मग इपॉक्सी. रिसॉर्सिनॉलला फटीविना सांधा, भरपूर दाब आणि उबदार हवा लागते. इपॉक्सी बारीक फट भरून काढतो, पण शिकंजा फार आवळला तर गोंद बाहेर पडून सांधा उपाशी राहतो. ‘जोर लावला की काम पक्के’ ही आपल्या मुलांची समजूत तेथे उलटते. शिवाय इपॉक्सी फार उष्णतेने मऊ पडतो. यास्तव अशी विमाने पांढऱ्या किंवा फिकट रंगाने रंगवितात. विदर्भ-मराठवाड्याच्या वैशाखात गडद रंगाचे विमान उन्हात उभे ठेवणे म्हणजे सांध्यांची परीक्षा पाहणे होय.

आणि परीक्षा या शब्दापाशी मी जरा थांबणार आहे; कारण येथे त्यांची रीत आणि आपली रीत वेगळी होते. घरी विमान बांधणारा माणूस जेव्हा जेव्हा गोंद कालवितो, तेव्हा तेव्हा त्याच लाकडाचे दोन तुकडे त्याच गोंदाने चिकटवून ठेवतो. त्यावर तारीख घालतो. गोंद पक्का झाला की तो ते तुकडे शिकंज्यात धरून हातोडीने फोडतो. लाकूड फाटले पाहिजे. गोंदाची रेघ सुटता कामा नये. रेघ सुटली तर त्या दिवशी केलेला प्रत्येक सांधा संशयास्पद ठरतो आणि तो उकलून पुन्हा करावा लागतो, मग तो डोळ्याला कितीही सुबक दिसो. हे फोडलेले तुकडे आणि कामाची रोजनिशी तो जपून ठेवतो. धडावर प्लाय किंवा कापड चढविण्यापूर्वी तपासनीसाला बोलावून तो आतील प्रत्येक सांधा दाखवितो. एकदा झाकल्यावर कोणालाच काही दिसणार नसते.

आपल्याकडेही झाकलेल्या कामाची प्रतिष्ठा होती. देव्हाऱ्याची मागची बाजू समोरच्या बाजूइतकीच साफ करणारी माणसे मी पाहिली आहेत. परंतु ती प्रतिष्ठा माणसाच्या सचोटीवर उभी होती. तपासण्याची रीत आपण निर्माण केली नाही. ‘मी केले आहे ना, मग झाले’ हे वाक्य आपल्या धंद्यात प्रमाणपत्रासारखे चालले. ते म्हणणारा माणूस गेला की प्रमाणपत्रही गेले.

आणखी एक मोह. आपला सुतार सढळ हाताचा असतो. जेथे एक इंच सांगितला तेथे सव्वा घालतो आणि ‘असू द्या, मजबूत होईल’ म्हणतो. दाराच्या चौकटीत हे औदार्य शोभते. विमानात शेपटाकडे एक किलो लाकूड अधिक घातले तर तोल राखण्यासाठी नाकाकडे दोन-तीन किलो घालावे लागतात, आणि तोल न राखला तर विमान वैमानिकाच्या हातात राहत नाही. म्हणून आराखड्यात जे लिहिले आहे त्याहून कमी तर नव्हेच, पण अधिकही नको. उलट आराखडाच चुकीचा असला तर उत्तम कारागिरीही वाचवीत नाही, याचेही उदाहरण आहे. फ्रान्सचा आंरी मिन्ये याने १९३३ साली ‘पू द्यू स्येल’ म्हणजे आकाशातील पिसू या नावाचे चिमुकले विमान काढले. खोकी ठोकणाऱ्यालाही ते बांधता येईल असा त्याच्या पुस्तकाचा सूर होता. शेकडो लोकांनी ते उत्साहाने बांधले. पुढे लागोपाठ अपघात झाले. १९३६ मध्ये वातबोगद्यात परीक्षा केल्यावर कळले की, विशिष्ट कोनात नाक खाली गेले की ते वर येतच नाही. सांधे चांगले होते. गणित चुकले होते. हातोडी धरणाऱ्याने वही धरणाऱ्याला, आणि वही धरणाऱ्याने हातोडी धरणाऱ्याला कमी लेखू नये, यासाठी ही कथा मी मुलांना नेहमी सांगतो.

आपल्या देशातही ही विद्या अगदीच परकी नव्हती. सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याने ‘अश्विनी’ हे ग्लायडर आखले. ते १९५८ साली उडाले. त्यामागून १९६१ साली ‘रोहिणी’ आले. ही लाकडी ग्लायडरे होती, आणि ती घडविणाऱ्या हातांत आपल्यासारख्या घरांतील हात असणारच. घरी विमान बांधण्याचे उदाहरण तर मुंबईचेच आहे. कांदिवलीच्या चारकोप भागात अमोल यादव या वैमानिकाने आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि दीर्घ खटपटीनंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. ते धातूचे आहे, लाकडाचे नव्हे. पण गच्ची मुंबईची होती, एवढे आपल्याला पुरे आहे.

येथे मघाशी अर्धवट सोडलेल्या मुद्द्याकडे येतो. पीटनपोल सुतारकुळात जन्मला नव्हता. जोडेल बांधणारे फ्रेंच शिक्षक, कारकून, डॉक्टर सुतार नव्हते. त्यांना ही विद्या कोठून मिळाली? कागदावरून. कोणीतरी ती मापासह लिहून, रेखाटून उघड्यावर ठेवली म्हणून. आपल्याकडे काय झाले ते पाहा. बैलगाडीचे चाक ही किती सूक्ष्म वस्तू! तुंब्यात आरे किती कलते बसवावयाचे, तापवून चढविलेली लोखंडी धाव थंड होताना चाकाला किती आवळील, त्यासाठी लाकडात आधीच किती ढिलाई ठेवावयाची, हे सर्व आपल्या आजोबांच्या बोटांत होते. मी गेली काही वर्षे आपल्या ज्ञातीतील घरांत विचारीत आहे : चाकाचा मापासह आराखडा कोणाकडे आहे काय? एकाही घरातून तो मिळाला नाही. विद्या घरात राहावी म्हणून आपण ती लिहिली नाही. आणि मुले दुसऱ्या धंद्यांना गेली तेव्हा ती घरातच संपली. मुले गेली याचे मला दुःख नाही. शिकली, मोठी झाली, हे चांगलेच झाले. पण त्यांच्या हाती देण्यासारखा एक कागदही आपल्यापाशी नव्हता.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे मी दोन सूचना लेखी दिल्या आहेत. पहिली अशी की, पंचाहत्तरी उलटलेल्या आपल्या कारागिरांकडे बसून चाक, तिफण, वाड्याचा दरवाजा, देवाचा रथ यांची पूर्ण मापाची रेखाटने करवून घ्यावीत आणि ती पुढील स्मरणिकेत छापावीत. काही सन्माननीय सभासद म्हणतात की घराण्याची विद्या अशी चव्हाट्यावर का मांडावी. त्यांना माझे नम्र उत्तर असे की, आता ती चव्हाट्यावर तरी आहे किंवा स्मशानात तरी. तिसरी जागा उरलेली नाही. दुसरी सूचना, सभागृहाच्या मागील खोलीत दर रविवारी एक कार्यशाळा चालवावी आणि तेथे पीटनपोलच्या धडाची एक बाजू मुलांकडून बांधून घ्यावी. उडविण्यासाठी नव्हे. उडवावयाचे तर इंजिन, परवानगी, तपासनीस आणि लाखो रुपये लागतील. तो आपला आजचा विषय नाही. एक बाजू बांधण्यास लागते ते मेज, गोंद, थोडा प्लाय आणि यंत्रसामग्रीच्या परदेशी खोक्यांतून निघणारे, निवडून घेतलेले पाइन लाकूड. विद्यावृत्ती समिती दरवर्षी गुणवंतांना पारितोषिके देते. त्यांतील दोन, ज्याचा अगर जिचा तपासणी-तुकडा उत्तम फुटेल त्यांना द्यावीत. अगर जिचा, असे मी हेतुपुरस्सर म्हणतो. आपल्या मुलींच्या हाती रंधा देण्यास आपण कचरतो. स्प्रूसच्या एक इंचाच्या पट्टीला बळ नको, हलका हात हवा. आणि दुसऱ्या ज्ञातीतील मूल शिकावयास आले तर त्यालाही बसू द्यावे. या सूचनेवर कार्यकारी मंडळात मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. मंडळाने त्यावर मत घ्यावे, मी ते मान्य करीन. पण मत घ्यावे, विषय पुढील वर्षावर ढकलू नये.

कार्यशाळेच्या पहिल्या तीन महिन्यांत मी मुलांकडून धड बांधवणार नाही, हे पालकांना आताच सांगून ठेवतो. पहिला महिना रंध्याचे पाते आणि पटाशी यांना धार लावण्यात जाईल. दुसरा, एकास बारा उताराचे काप करण्यात. तिसरा, गोंद लावून तुकडे फोडण्यात.

माझ्या घरच्या पडवीत दोन शिकाऊ मुलांसह बांधलेली धडाची एक बाजू मंडपाच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या टाकीपलीकडे ठेवली आहे. तिचे सांधे पाहावेत, कर्ण मोजून पाहावेत. गुण्या आणि फीत तेथेच आहे. शेजारच्या मेजावर तारखा घातलेले नऊ तपासणी-तुकडे ठेवले आहेत. ते फोडण्यासाठीच आहेत. भोजनास अद्याप अर्धा तास अवकाश आहे असे व्यवस्थापक मला खुणावीत आहेत. हातोडी माझ्या पुतण्याकडे मागावी.